सोहो १८५४ : बेरीज जुळली, पण बाळाची ओळ कुठे घालू?

तीन रविवार गेले, पण लंडनच्या सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, पहिला आठवडा एकदाचा शीटवर उतरला. २ सप्टेंबर १८५४ला संपलेल्या आठवड्यात गोल्डन स्क्वेअर, बर्विक स्ट्रीट आणि सेंट ॲन्स सोहो या तीन उपविभागांत कॉलऱ्याचे ८९ मृत्यू नोंदले गेले. त्यातले सहा मृत्यू आठवड्याच्या सुरुवातीचे, चार गुरुवारचे आणि उरलेले ७९ शुक्रवार-शनिवार या दोनच दिवसांतले. टाइप करता करता हात थांबतो तो इथे.

कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो असं म्हणणाऱ्या जॉन स्नो या डॉक्टरने सुरुवातीचे सहा वगळून ८३ मृत्यूंचा माग काढला. दहा जणांची घरं पाण्याच्या दुसऱ्या सार्वजनिक पंपाच्या जवळ, ७३ जणांची ब्रॉड स्ट्रीटच्या. या ७३पैकी ६१ जण त्या पंपाचं पाणी पीत. माझ्या पिव्हट टेबलात (शीटमधल्या नोंदी आपोआप मोजणाऱ्या तक्त्यात) मात्र ७३ऐवजी ६७ येत होते. दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर उमगलं, की ‘पीत नव्हते’ असे सहा मी भरले होते आणि ‘माहिती मिळाली नाही’ असे सहा रिकामे ठेवले होते. रिकाम्या खणाची मोजणी होत नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं म्हणा.

मृत्युदर काढायला घेतले ते पोलंड स्ट्रीटच्या वर्कहाउसपासून. तीन बाजूंनी साथीने वेढलेल्या या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसं होती, त्यातली पाच गेली. म्हणजे हजारी नऊच्या थोडं वर. शेजारच्या गल्ल्यांइतकाच दर इथे असता तर शंभरावर गेली असती, असा स्नोचा हिशोब. आश्रमाची स्वतःची विहीर होती, एवढाच काय तो फरक.

आता अडचण. ब्रॉड स्ट्रीटवरच्या ४० क्रमांकाच्या घरातली पाच महिन्यांची मुलगी याच आठवड्यात, २ सप्टेंबरला गेली. तिच्या नोंदीत कारण लिहिलंय ते असं, की चार दिवसांपूर्वी जुलाब सुरू झाले आणि त्यानंतरच्या थकव्याने मृत्यू. कॉलरा हा शब्दच नाही, म्हणून ती ८९मध्येही नाही. स्नोचं म्हणणं खोटं ठरवायला निघालेला हेन्री व्हाइटहेड हा तरुण पाद्री १८५५मध्ये जुन्या नोंदी चाळताना या ओळीवर अडखळला. तारखा बघा, बाळ आजारी पडलं ते साथ भडकण्याच्या आधी. आईने दुपटी धुतलेलं पाणी तळघरातल्या शोषखड्ड्यात ओतलं होतं. खणून पाहिलं तेव्हा खड्डा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्याही आत निघाला.

म्हणजे साथीचं मूळ जिथे होतं, तीच ओळ साथीच्या रकान्यात नव्हती. मोह झाला की तिला उचलून कॉलऱ्यात टाकावं. टाकली नाही. मूळ कारणाचा रकाना जसाच्या तसा ठेवून शेजारी ‘माझा अंदाज’ असा नवा रकाना काढलाय. तुम्हीही मूळ रकान्यात दुरुस्त्या करू नका, पुढे आपलं काय आणि त्यांचं काय हेच कळेनासं होतं.

हा नवा रकाना भराभर भरणार असं दिसतंय. ‘आकडी’ आणि ‘दात येणे’ ही त्या काळातली तान्ह्या मुलांच्या मृत्यूची नेहमीची कारणं. दात येण्याचं वाचून हसू आलं, कारण आमची आजीही दात येताना जुलाब व्हायचेच म्हणायची. ‘ताप’ तर त्याहून वाईट. टायफस उवांमुळे, टायफॉइड घाण पाण्यामुळे, पण इंग्लंडच्या सरकारी तक्त्यांत दोन्ही वेगळे झाले ते १८६९पासून. त्याआधीचा तापाचा आलेख काढून पाहिला आणि डिलीट केला.

पुढच्या नोंदीत ऑगस्टमधले सगळे जुलाब, वयानुसार लावून.