आठातली एक नळी

हिटर लावला की गाडीत जळक्या ऑइलचा वास येतो, एवढीच तक्रार होती. गाडी १९६९ ची फोक्सवॅगन बीटल, १५०० सीसी, एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारं इंजिन. मालक निवृत्त गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. आधीच्या मेकॅनिकने त्यांना क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, सील गेलंय असं सांगितलं होतं. मी गाडीखाली शिरलो, तर पुशरॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, नळ्यांच्या टोकांना बोटबोट जाड सिलिकॉन फासलेलं. ऑइल आतून येतंय आणि हे बाहेरून लेप लावतात! ज्याने लावलं त्यालाच ते खरवडायला बसवायला हवं होतं. बसलो मी, अख्खी दुपार.

या इंजिनात सिलिंडर आडवे असतात आणि पुशरॉड त्यांच्या खालून जातात, प्रत्येक रॉडभोवती पत्र्याची एक नळी. रॉड पोकळ. त्यांच्यातून ऑइल रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांपर्यंत जातं आणि या नळ्यांतून परत इंजिनाच्या मधल्या खोक्यात, क्रँककेसमध्ये उतरतं. नळीच्या टोकाचं रबर उष्णतेने कडक झालं की थेंब खालच्या हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे एक्झॉस्टच्या उष्णतेने हिटरची हवा तापवणाऱ्या भागावर पडतो आणि तिथली गरम हवा हिटरमधून सरळ नाकात. नळ्या आठ, सील सोळा. सील किरकोळ वस्तू, पण बदलायला इंजिन उतरवून दोन्ही हेड, म्हणजे सिलिंडरच्या टोकांवरची झाकणं, काढावी लागतात.

स्प्रिंगवाल्या दोन तुकड्यांच्या नळ्या मिळतात, त्या हेड न काढता बसतात. काकांनी त्याबद्दल विचारलंही होतं. मी म्हणालो, "ते जुगाड आहे, काका. काम करायचं तर कंपनीने सांगितलंय तसं."

मूळ नळीच्या दोन्ही टोकांजवळ भात्यासारख्या घड्या असतात. हेड आवळताना त्या दबतात आणि सीलवर कायमचा दाब ठेवतात. इतकी वर्षं दबून जुन्या नळ्या आखूड होतात, म्हणून बसवण्याआधी त्या ओढून १९० ते १९१ मिलिमीटर लांब कराव्या लागतात. हे काम मला मनापासून आवडतं. दोन्ही टोकं मुठीत धरून हळूहळू ओढायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा ओढायचं, दर वेळी व्हर्नियर लावून लांबी मोजायची. एकाच घडीवर जोर आला की ती फाटते. मग नळीचा सांधा वर करून चारही नळ्या एकदम हेड आणि क्रँककेसच्या मध्ये उभ्या करायच्या. तीन बसतात तोवर चौथी निसटते. हाताखालचा पोरगा म्हणाला, "उस्ताद, चार हात पाहिजेत याला." चार हातांनी हेड ढकललं, नट क्रमाने ठरलेल्या टॉर्कवर आवळले, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट केले, इंजिन चढवलं.

अर्धा तास चालवून खाली बघितलं. सोळाच्या सोळा सील कोरडे. आणि तीन नंबर सिलिंडरच्या एका नळीच्या अंगावर एक थेंब.

सुरुवातीला वाटलं, वरून कुठून तरी ओघळलंय. पुसलं, टॉर्च लावून बसलो. पाच मिनिटांत घडीच्या शेजारी, टाचणीच्या टोकाएवढ्या जागी, पत्र्यालाच घाम फुटला. तीन नंबर म्हणजे या इंजिनातला सगळ्यात तापणारा सिलिंडर, ऑइल कूलरमधून गरम झालेली हवा त्याच्या वाट्याला येते. तिथला पत्रा गंजून आधीच पातळ झालेला असणार. पण भोक पाडलं मी. नळ्या चकचकीत दिसाव्यात म्हणून ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून गंज काढला होता. तो गंजच भोक बुजवून बसला होता.

नळी एका बाजूने अंगठ्याने बंद करून आत रॉकेल भरायचं आणि दोन मिनिटं धरायची, ही परीक्षा मी पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतो. त्या दिवशी केली नाही. नळ्या इतक्या सुंदर दिसत होत्या की गरजच वाटली नाही.

एका नळीसाठी पुन्हा इंजिन उतरवायची माझी हिंमत झाली नाही. रॉकर काढला, पुशरॉड बाहेर ओढला, जुनी नळी पक्कडीने चेपून काढली आणि तिथे स्प्रिंगवाली बसवली. पाऊण तास लागला. ऑइलचा टिपूस नाही.

काकांना सगळं सांगितलं. ते वाकून त्या स्प्रिंगकडे बघत राहिले. म्हणाले, "मग हीच आठही ठिकाणी का नाही लावली?"

मी कायतरी बोललो, स्प्रिंगचा दाब, मूळ डिझाइन वगैरे. ते हो हो म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. बाकीच्या सात नळ्याही त्याच ब्रशखालून गेल्यात, हे तेवढं सांगायचं राहिलं.