२२,२१७ की १८,८७१? आठवड्याच्या बातम्या सांगण्याचा माझा अनुभव

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयातर्फे दर रविवारी संध्याकाळी ‘आठवड्याचा आढावा’ असतो. अर्धा तास देशातील राजकीय आणि न्यायालयीन घडामोडी सांगायच्या आणि त्यानंतर श्रोत्यांचे प्रश्न घ्यायचे, एवढेच त्याचे स्वरूप आहे. शाळेत मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते, म्हणून हे काम माझ्याकडे आले. ते सोपवताना कार्यवाहांनी एकच अट घातली होती : बाईंचे स्वतःचे मत काय, हे घरी जाताना एकाही श्रोत्याला सांगता येऊ नये. इतर आठवडे कसे गेले ते लिहिण्यासारखे नाही. ११ ते १७ मार्च २०२४ या आठवड्याविषयी मात्र लिहिलेच पाहिजे, कारण त्यातील एका आकड्याने मला जेवढे छळले, तेवढे शाळेच्या वार्षिक तपासणीनेही कधी छळलेले नाही.

त्या सात दिवसांत काय काय घडले ते आधी पाहा. सोमवारी केंद्र सरकारने नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम अधिसूचित केले आणि त्याच दिवशी निवडणूक रोख्यांचा (देणगीदाराने स्टेट बँकेकडून विकत घेऊन राजकीय पक्षाला द्यायचा आणि पक्षाने बँकेत वटवायचा, अशा देणगीपत्रांचा) तपशील देण्यासाठी ३० जूनपर्यंत मुदत मागणारा स्टेट बँकेचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. मंगळवारी हरियाणात मनोहरलाल खट्टर यांच्या जागी नायबसिंह सैनी मुख्यमंत्री झाले. गुरुवारी ज्ञानेश कुमार आणि सुखबीरसिंग संधू यांची निवडणूक आयुक्तपदी नियुक्ती झाली, रामनाथ कोविंद समितीने एकत्रित निवडणुकांविषयीचा १८,६२६ पानांचा अहवाल राष्ट्रपतींना दिला आणि संध्याकाळी रोख्यांच्या याद्या आयोगाच्या संकेतस्थळावर आल्या. शनिवारी लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. उत्तराखंडच्या समान नागरी संहितेला राष्ट्रपतींची संमती मिळाल्याची बातमीही याच आठवड्यातली. यातल्या कोणत्याही एका विषयावर आमच्याकडे दोन शेजारी महिनाभर अबोला धरू शकतात.

बहुतेक विषयांची टिपणे शुक्रवारपर्यंत तयार झाली, कारण माझी एक जुनी सवय येथे उपयोगी पडते. प्रत्येक बातमीच्या डोक्यावर मी ती नेमकी कोणत्या पायरीवर आहे ते लिहिते : विधेयक, कायदा, नियम, अंतरिम आदेश, निकाल, अहवाल, आरोप. पायरी ठरली की अर्धा वाद तेथेच मिटतो. ‘एक देश एक निवडणूक आली’ असे सांगणाऱ्याला त्या आठवड्यात तो नुसता अहवाल होता, कायदा नव्हता, एवढेच सांगायचे होते. ४७ पक्षांनी समितीला मते कळवली, त्यांपैकी ३२ अनुकूल आणि १५ प्रतिकूल होते, हे दोन्ही आकडे एका वाक्यात आले पाहिजेत. नागरिकत्वाच्या बाबतीत कायदा २०१९ च्या डिसेंबरमधला आहे आणि त्या सोमवारी आले ते त्याचे नियम. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींसाठी तो आहे. धर्मामुळे छळ झालेल्यांना आश्रय देणे हे कर्तव्य आहे, असे समर्थक म्हणतात. धर्म पाहून नागरिकत्व देणे संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाशी विसंगत आहे, असे याचिकाकर्ते म्हणतात. दोन्ही वाक्ये मी त्या त्या मताच्या एकेका माणसाला आधी वाचून दाखवते आणि ‘तुम्ही हे असेच म्हणाल का?’ असे विचारते. समर्थकाचे म्हणणे विरोधकाच्या शब्दांत सांगितले, तर ते नेहमी थोडे खुळे वाटते; उलट दिशेनेही तसेच होते.

अडले ते रोख्यांपाशी.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली आणि १२ एप्रिल २०१९ पासूनचा तपशील जाहीर करण्याचा आदेश दिला, एवढे सांगणे सोपे होते. बँकेने मुदत का मागितली तेही सांगता येत होते. खरेदीची आणि वटवणुकीची माहिती वेगवेगळ्या ठिकाणी आहे आणि २२,२१७ रोख्यांसाठी दोन्हीकडची मिळून ४४,४३४ माहितीसंचांची जुळणी करावी लागेल, असे बँकेचे म्हणणे होते. जुळणी मागितलेलीच नाही, आहे ती माहिती द्या, असे न्यायालयाने सुनावले आणि मंगळवारचे कामकाज संपेपर्यंतची वेळ दिली. येथपर्यंतचे टिपण मी एका बैठकीत लिहून टाकले.

गुरुवारच्या वर्तमानपत्रांत बँकेच्या शपथपत्राच्या आधारे २२,२१७ रोखे विकले गेले आणि २२,०३० वटले, असे छापून आले होते. गुरुवारी रात्री याद्या उघडल्या. देणगीदारांची ३३७ पाने आणि पक्षांची ४२६ पाने, मिळून ७६३. शुक्रवारच्या बातम्यांत खरेदीच्या नोंदी १८,८७१ झाल्या होत्या आणि वटवणुकीच्या २०,४२१. रकमांचेही तसेच : खरेदी १२,१५५ कोटी आणि वटवणूक १२,७६९ कोटी. शिवाय योजना सुरू झाल्यापासूनची एकूण विक्री म्हणून १६,५१८ कोटी हा तिसराच आकडा फिरत होता. शुक्रवारी दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर एकच चित्र आले : ‘विकले कमी, वटले जास्त! मधले कोणी छापले?’ एका बाजूने ते बँकेवर रोखले होते. संध्याकाळी दुसऱ्या बाजूचे उत्तरही आले, की यादीच बनावट आहे.

आमच्या श्रोत्यांत भुसारी दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत आणि सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून आहेत. दोघेही हिशेबाला पक्के असून राजकारणात दोन टोकांचे. खरेदीपेक्षा वटवणूक मोठी कशी, हा प्रश्न ते पहिल्याच मिनिटाला विचारणार हे मला ठाऊक होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. बँकव्यवहार जाणणाऱ्या एका परिचितांना विचारले, तर त्यांनी ‘निवडणुकीचे दिवस आहेत, मला यात ओढू नका’ असे म्हणून फोन ठेवला. वाहिन्यांवर चार चार माणसे एकाच वेळी बोलत होती आणि कोणता आकडा कोणत्या तारखेपासूनचा आहे, हे त्यांतील एकही सांगत नव्हता. माझा राग आहे तो येथे. आकडा छापताना त्याचा कालावधी गाळणे ही अर्धी बातमी गाळण्यासारखीच गोष्ट आहे आणि तिचा भुर्दंड रविवारी श्रोत्यांसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला भरावा लागतो.

उत्तर त्याच शपथपत्रात होते. बातम्यांनी त्यातील फक्त बेरीज उचलली होती. २२,२१७ हा आकडा १ एप्रिल २०१९ पासूनचा. न्यायालयाने तपशील मागितला तो १२ एप्रिल २०१९ पासूनचा, कारण त्या दिवशी न्यायालयाने पक्षांकडून बंद लिफाफ्यात माहिती मागवणारा अंतरिम आदेश दिला होता. मधल्या अकरा दिवसांत ३,३४६ रोखे विकले गेले होते आणि त्यांपैकी १,६०९ वटले होते. रोख्याची मुदत पंधरा दिवसांची असे. म्हणजे ११ एप्रिलला १,७३७ रोखे पक्षांच्या किंवा देणगीदारांच्या हातात न वटलेले होते आणि ते पुढच्या काही दिवसांत वटले, तेव्हा त्यांची खरेदी यादीबाहेर राहिली आणि वटवणूक यादीत आली. आता २०,४२१ मधून १८,८७१ वजा केले की १,५५० उरतात. १,७३७ मधून १,५५० वजा केले की १८७. दुसऱ्या वाटेने, २२,२१७ मधून २२,०३० वजा केले, तरीही १८७. मुदतीत न वटलेल्या या १८७ रोख्यांची रक्कम पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत जमा झाली, असे शपथपत्रच सांगते. १६,५१८ कोटी हा आकडाही खोटा नाही. तो मार्च २०१८ च्या पहिल्या विक्रीपासूनचा. दोन्ही बाजूंनी १८७ आले, तेव्हा मध्यरात्र उलटली होती आणि सांगायला हरकत नाही, मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला.

रविवारी हीच वजाबाकी मी फळ्यावर मांडली आणि शेवटचे उत्तर त्या दोन गृहस्थांकडूनच काढून घेतले. दोघांचे एकमत झालेले आमच्या वाचनालयाने त्या दिवशी प्रथमच पाहिले.

आकडे जुळले, तरी शब्द जुळवायचे राहिले होते. वटलेल्या १२,७६९ कोटींपैकी भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला १,६०९, काँग्रेसला १,४२१ आणि भारत राष्ट्र समितीला १,२१४ कोटी मिळाले होते. भाजपचा वाटा ‘जवळजवळ निम्मा’ म्हणावा, तर एक गट खूश होतो. ‘निम्म्याहून कमी’ म्हणावे, तर दुसरा. दोन्ही वर्णने खरी आहेत, म्हणूनच दोन्ही टाळून मी ‘सुमारे ४७ टक्के’ असे लिहिले. मग रक्कम खासदारांच्या संख्येच्या तुलनेत पाहावी, हा भाजपच्या समर्थकांचा युक्तिवाद सांगितला आणि तपास यंत्रणांची कारवाई आणि रोखेखरेदी यांच्या तारखा ताडून पाहाव्यात, ही विरोधकांची मागणी सांगितली. यादीत महाराष्ट्रवादी गोमंतक आणि गोवा फॉरवर्ड हे आपले पक्षही आहेत हे आवर्जून सांगावे, कारण घरचे नाव निघाले की दिल्लीकडे बोट दाखवणारा हात जरा खाली येतो.

गोव्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो : खाणवाल्यांनी कोणाला दिले? त्या रविवारी याचे प्रामाणिक उत्तर ‘आज सांगता येत नाही’ एवढेच होते. देणगीदारांची यादी वेगळी, पक्षांची वेगळी आणि दोन्हींना जोडणारे रोख्यांचे क्रमांक बँकेने दिलेले नव्हते. त्याबद्दल न्यायालयाने १५ मार्चला बँकेला नोटीसही काढली होती. सभागृहात यावर बरीच कुरबूर झाली. ‘बाई, सगळ्यांना माहीत आहे, तुम्हीच सांगत नाही’ असेही कोणी म्हणाले. त्यातच पक्षांनी पूर्वी बंद लिफाफ्यांत दिलेली माहिती आयोगाने नेमकी त्याच रविवारी प्रसिद्ध केली. द्रमुकसारख्या काही पक्षांनी त्यात देणगीदारांची नावे दिली होती, अनेकांनी दिली नव्हती. ज्यांनी दिली नाहीत त्यांच्याविषयी अंदाज बांधण्याचा मोह श्रोत्यांइतकाच मलाही झाला. परंतु तारीख आणि रक्कम सारखी दिसली म्हणून देणारा आणि घेणारा जोडून टाकणे ही वाचकाची करमणूक असते, बातमी नसते. क्रमांक २१ मार्चला जाहीर झाले आणि तोवर वाट पाहिल्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

निवडणूक आयुक्तांच्या नियुक्तीविषयी एवढेच सांगते, की तेथे दोन तारखा मागे जावे लागते. २ मार्च २०२३ च्या निकालात न्यायालयाने पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांची समिती ठरवून दिली होती, पण संसद कायदा करेपर्यंतच. त्याच वर्षी संसदेने केलेल्या कायद्यात सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री आले. यातली कोणतीही एक ओळ गाळली, की उरलेले वाक्य प्रचाराचे होते.

उत्तराखंडच्या वेळी मात्र सगळे सभागृह एका सुरात ‘आमच्याकडे हे कधीचेच आहे’ म्हणाले. आहे, पण ते वेगळे. आपल्याकडील १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने चालू राहिली आणि तिच्यातील वारसाहक्काचा भाग पुढे गोव्याच्या स्वतंत्र कायद्याने घेतला. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींच्या मालमत्तेत दोघांचा समान वाटा असतो. उत्तराखंडच्या संहितेतील लिव्ह-इन संबंधांची सक्तीची नोंदणी आपल्याकडे नाही. मायभूमीचा अभिमान हाही एक पक्षच आहे आणि तो निःपक्षपाती वक्त्याला सर्वांत उशिरा दिसतो.

सभागृहाविषयी लिहायचे राहिले. आचारसंहिता लागू होताच पुढच्या रविवारसाठी लेखी परवानगी आणा, असे सांगण्यात आले. एका कार्यालयातील छापील नमुन्यात ‘पक्षाचे अथवा उमेदवाराचे नाव’ असा रकाना होता. मी तेथे ‘लागू नाही’ असे लिहिले, तर ते चालणार नाही, काहीतरी भरा, असे उत्तर मिळाले. निःपक्षपाती कार्यक्रमाला परवानगी मिळवण्यासाठी एखादा पक्ष धरावा लागतो की काय, असे मी विचारल्यावर संबंधितांना हसूही आले नाही. शेवटी आम्ही पंचायतीचे सभागृह सोडून वाचनालयाच्याच खोलीत, पुस्तकांची कपाटे भिंतीला सरकवून बसलो. कोणाला असा कार्यक्रम करायचा असेल, तर निवडणुकीच्या मोसमात जागा स्वतःची असलेली बरी.

आणि टिपण नेहमी लिहूनच न्यावे. तोंडी बोलताना क्रियापदे घसरतात आणि ‘म्हणाले’चे ‘कबूल केले’ कधी होते ते कळत नाही. याचा उपयोग पुढच्याच आठवड्यात झाला. २१ मार्चला अरविंद केजरीवाल यांना अटक झाली आणि दिल्लीच्या मद्यधोरणातील सुमारे ४५ कोटी रुपये २०२२ च्या गोवा विधानसभेच्या प्रचारात वापरले गेले, असे सक्तवसुली संचालनालयाने न्यायालयात म्हटले. त्या निवडणुकीत घरोघर फिरलेले कार्यकर्ते आमच्या श्रोत्यांतच बसतात. म्हणून २४ तारखेच्या टिपणात त्या बातमीपुढे मी तीनच ओळी लिहिल्या : संचालनालयाचा आरोप, पक्षाचा इन्कार, न्यायालयाचा निर्णय बाकी. त्या वाचून झाल्या आणि मग आम्ही रोख्यांचे क्रमांक जुळवायला बसलो.