रेडिओतली खरखर

विज्ञानाच्या सरांनी नववीच्या वर्गात एकदा कानस आणली होती. लोखंड घासायची, साधी. सोबत टॉर्चचा सेल, दोन वायरी आणि त्यांच्या घरचा ट्रान्झिस्टर. सेलच्या एका टोकाची वायर त्यांनी कानशीला बांधली आणि दुसऱ्या वायरीचं उघडं टोक तिच्या दात्यांवरून ओढलं. बारीक ठिणग्या उडाल्या आणि हातभर लांब ठेवलेला रेडिओ खर्रर्र वाजला. मध्ये वायर नव्हती. पुन्हा ओढलं, पुन्हा खर्रर्र.

हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं 1887 साली ठिणगीतूनच निघणाऱ्या या रेडिओ लहरी पकडल्या, 1895 मध्ये आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात तशाच लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवली, हे सगळं नंतर. सर आधी ऐकवायचे, मग सांगायचे. त्यांचा हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातली, मागाच्या खडखडाटात वाढलेली मुलं. तारेतून वीज येते ती जाते कुठं, असं मी विचारलं तेव्हा सरांनी उलट विचारलं, "तुमच्या मागावरचा सूत नेणारा धोटा दिवसभर पळतो. संध्याकाळी पोचतो कुठं?"

"कुठंच नाही सर. तिथंच असतो."

"आणि चादर?"

"ती विणून होते."

"घरातल्या तारेतले इलेक्ट्रॉन तसेच. सेकंदाला 50 वेळा मागं-पुढं. जागा सोडत नाहीत, काम मात्र होतं."

सेलच्या एकाच दिशेच्या प्रवाहातसुद्धा इलेक्ट्रॉन मुंगीपेक्षा सावकाश सरकतात. तरी बटण दाबल्याबरोबर दिवा लागतो, कारण तारेच्या कडेनं विद्युतक्षेत्र जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं धावतं. हे कळलं त्या दिवशी मी घरी जाऊन कितीतरी वेळ नुसता दिवा लावत-विझवत बसलो होतो.

आमच्या रेडिओच्या काचेवर मीटर, म्हणजे एका लहरीची लांबी, आणि किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती हजार लहरी, असे दोन्ही आकडे होते. काटा पुण्यावर आणला की 792 किलोहर्ट्झ, म्हणजे साधारण 379 मीटर. मी वहीत गुणाकार केला. सेकंदाला 3 लाख किलोमीटर! दुसरं स्टेशन घेतलं, तेवढेच आले. प्रकाशाचा वेग त्या काचेवर छापलेलाच होता.

मे महिन्यात आप्पा रंगवलेलं सूत गच्चीवर वाळत घालायचे. वळीव आला की नुकसान ठरलेलं. एका संध्याकाळी रेडिओ खरखरला आणि उत्तरेला वीज चमकली, दोन्ही एकदम. मी मोजायला लागलो. गडगडाट 21 सेकंदांनी आला. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात.

"आप्पा, सात किलोमीटर. हिप्परग्याच्या तलावाकडं."

पुढची खरखर झाली तेव्हा आप्पाही माझ्याबरोबर बोटं मोडून मोजत होते. 15 भरले. तिसऱ्या वेळी 9 वर गडगडलं, तसं ते उठले आणि जिन्यातून ओरडले, "अगं, सूत उतरवा! पोरगं म्हणतंय, आला पाऊस!"