तुम्ही विचारलंत म्हणून: मोजे कशाला काढायचे?

"मॅडम, दुखतोय गुडघा. मोजे कशाला काढायचे?"

हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. कधी गुडघ्याच्या जागी कंबर असते, कधी खांदा. सोबत आलेली मंडळी जरा वेगळ्या शब्दांत विचारतात. "अहो, तुम्ही नुसतं बघतच बसलाय, शेक कधी देणार?" आणि धीट असतील तर, "अंघोळ कोण घालतं, संडासला कसे जातात, याच्याशी तुम्हाला काय करायचंय?" बावीस वर्षं मी फिजिओथेरपी करतेय. इतकी वर्षं "पद्धत आहे हो आमची" म्हणून हसून वेळ मारून नेली. ते उत्तर खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं आज लिहिते, म्हणजे पुढच्या खेपेला "ते वाचा" म्हणून मोकळी होईन.

सोपा भाग आधी. तुम्ही मोजा काढत असता तेव्हा मी मोज्याकडे बघत नसते, तुमच्याकडे बघत असते. खाली वाकता की पाय उचलून मांडीवर घेता? वाकल्यावर धाप लागते का? एका हाताने खुर्ची घट्ट धरून ठेवावी लागते का? इलॅस्टिकमध्ये बोट शिरायला किती वेळ लागतो? आणि मुख्य म्हणजे, तुम्ही वाकायच्या आतच सोबतचं माणूस खाली बसून मोजा ओढायला लागतं का? तसं झालं की मी "राहू द्या, त्यांना काढू द्या" म्हणते आणि त्या माणसाला राग येतो. येऊ दे. पण "बाबा सगळं स्वतःचं स्वतः करतात" असं आत्ताच सांगणारा मुलगा पुढच्या मिनिटाला बाबांच्या पायाशी बसलेला असतो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं दिसत नाही. मायेनं केलेली मदत घरात कुणी मदत म्हणून धरतच नाही.

म्हणून अंघोळीचं विचारावं लागतं. आमच्याकडे बार्थेल इंडेक्स नावाची एक मोजणी आहे, 1965 साली प्रसिद्ध झालेली. रोजच्या जगण्यातल्या दहा गोष्टी, एकूण शंभर गुण. जेवण, कपडे, जिना, पलंगावरून खुर्चीत येणं वगैरे. तिच्यातली खोच अशी की माणूस काय करू शकतो याला गुण नाहीत, रोज प्रत्यक्षात काय करतो याला आहेत. "वेळ आलीच तर करतील" याला शून्य. चालण्याला सगळ्यात जास्त म्हणजे पंधरा गुण, अंघोळीला जेमतेम पाच. घरात जो रोज अंघोळ घालतो त्याच्या हातात कागद दिला तर तो हे आकडे नक्की उलटे करेल.

चालण्याचं म्हणाल, तर मी "चालून दाखवा" म्हणेपर्यंत माझं निम्मं बघून झालेलं असतं. दारापासून खुर्चीपर्यंत तुम्ही आलात तेच तुमचं खरं चालणं. सांगून चालायला लावलं की माणूस छाती काढून, वर्गात पहिला नंबर काढायचा असल्यासारखा चालतो. दारातच "काय, कसे आलात आज?" असं विचारते ना, तेही निव्वळ अगत्य नसतं. चालता चालता उत्तर द्यायला जी वयस्कर माणसं थांबतात, ती पुढे पडण्याची शक्यता जास्त, हे 1997 साली एका छोट्याशा अभ्यासात दिसलं होतं. तेव्हापासून आमच्यातले बरेच जण दारातच गप्पा मारतात.

इथपर्यंत सांगायला मला काहीच त्रास होत नाही. हे सगळं मला आधीही येत होतं. ज्या काकांमुळे मी आता कुणाचेही मोजे काढायला लावते, त्यांच्या वेळीही येत होतं.

काका निवृत्त भूमापक होते. आयुष्यभर जमिनी मोजलेल्या. पक्षाघातानं डावी बाजू गेली होती, हात बेताचा, पाऊल लोंबकळणारं. चौदा वर्षांचा मधुमेह. पाऊल अडखळू नये म्हणून प्लास्टिकचा स्प्लिंट दिलेला, पोटरीमागून तळव्याखाली येणारा, वर वेल्क्रोच्या पट्ट्या, आत मोजा, बाहेर बूट. पहिल्या दिवशी दहा मीटर चालायला त्यांना 25 सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला 0.4 मीटर. पक्षाघातानंतर याच्या खालचा माणूस घरापुरता, आणि 0.8 च्या वर गेला की तो बाहेर आपला आपण वावरू शकेल, असा आमचा ढोबळ हिशेब. मी तो त्यांना सांगितला. सांगायला नको होता असं नाही म्हणणार, पण मोजण्यात हयात गेलेल्या माणसाला तुम्ही आकडा दिलात की तो दुसरं काही ऐकत नाही. मीही ऐकेनाशी झाले, हे खरं. ते येता येता दारातूनच विचारायचे, "आज किती?" आणि मी स्टॉपवॉच दाखवायची. 21. 18. सहाव्या आठवड्यात 14. बार्थेल 55 वरून 85 वर. मी सहकाऱ्यांना बोलावून त्यांचं चालणं दाखवत होते.

सातव्या आठवड्यात, गुरुवारी, 12 सेकंद. सेकंदाला 0.83 मीटर. काकांनी काठी वर करून दाखवली. तिथे होते त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी मला एक गोष्ट दिसली होती. वेल्क्रोच्या पट्टीवर रोज एकाच जागी लागून लागून तिथली लव बसते, खूण पडते. त्या दिवशी पट्टी त्या खुणेपर्यंत पोचत नव्हती, बोटभर अलीकडेच लागली होती. मी ते पाहिलं. मनात आलं, मोजा जाड घातलेला दिसतोय. पाय सुजला असेल, हे मनात आलं नाही. "पायाला काही त्रास?" असं विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "काही नाही." आणि खरंच काही नव्हतं, कारण त्या पायाला काही कळतच नव्हतं.

रविवारी रात्री सुनेनं मोजा काढायला घेतला तर तो निघेना. पाण्यानं भिजवून काढावा लागला. करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या कडेला, जिथे स्प्लिंटची कड येते तिथे जखम होती. आठवड्याभराची तरी असावी. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेलेला. करंगळी काढावी लागली, तिच्यामागचं थोडं हाडही. त्या पायावर भार द्यायचा नाही म्हणून ते आठवडेच्या आठवडे झोपून. तीन महिन्यांनी ते पुन्हा माझ्याकडे आले तेव्हा दहा मीटरला 31 सेकंद लागले, तेही वॉकर धरून. या खेपेला त्यांनी "आज किती" विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात तुमची काय चूक? मीही हेच म्हणत होते. स्प्लिंट मी बनवला नव्हता. रोज रात्री पाय बघा, असं मी पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगितलं होतं, छापील कागदही दिला होता. मधुमेहाच्या डॉक्टरांनी पाय तपासायला हवे होते. पायाची संवेदना तपासायची एक साधी नायलॉनची तार असते, दहा ग्रॅम दाबाला वाकणारी. ती कोणीही टेकवून बघू शकलं असतं. आणि माझ्या हातात माणशी अर्धा तास. बूट, पट्ट्या, स्प्लिंट, मोजा, सगळं उतरवून पुन्हा चढवायचं तर सहा-सात मिनिटं जातात. त्या सात मिनिटांत काका चार फेऱ्या जास्त चालायचे, आणि त्यांना चालायचंच होतं.

हे सगळं बरोबर आहे. मग मी त्यांची फाइल काढून बघितली. प्रत्येक आठवड्याच्या नोंदीत "त्वचा" असा एक रकाना होता. पहिल्या आठवड्यात मी लिहिलं होतं, "ठीक". त्याखाली सहा वेळा वरीलप्रमाणेच्या दोन टिंबांच्या खुणा. अक्षर माझं. पहिला "ठीक" बघून लिहिलेला होता, हे शपथेवर सांगते. बाकीच्या सहांबद्दल शपथ घेता येत नाही.

ते फार दिवस डोक्यातून जाईना. म्हणजे मी वेळेअभावी बघितलं नाही एवढंच नव्हतं. न बघता बघितल्याचं लिहिलं होतं. ज्या कामगिरीच्या टाळ्या मी घेत होते, ती मोजायला स्टॉपवॉच होतं, शंभर गुणांचा कागद होता. त्या शंभरांत कातडीला एकही गुण नाही. टाचेला भोक पडलेला माणूस शंभरपैकी शंभर घेऊ शकतो. मोजत होते ते सगळं मोज्याच्या बाहेर. (हा विनोद माझा. काकांचा याहून बरा होता. ते म्हणाले, "मॅडम, तुमची मोजणी बरोबर होती. जमीनच दुसरी मोजली.")

तेव्हाची मी आजच्या मला अधूनमधून भेटते आणि वाद घालते. ती म्हणते, "तू आता सगळ्यांचे मोजे काढतेस, पण ज्यांना चालवायचं त्यांना चालवतेस का पूर्वीसारखं?" आणि तिला उत्तर देणं सोपं नाही. काकांनंतर वर्षभरानं एक बाई आल्या, तसाच स्प्लिंट. घोट्याच्या हाडावर लाली दिसली. लाली बोटानं दाबून बघतात. दाब सोडल्यावर जागा आधी फिकी पडून मग पुन्हा रंग भरला तर रक्त फिरतंय. फिकी पडलीच नाही, तर कातडी शाबूत असूनही इजा सुरू झाली असं धरायचं. स्प्लिंट काढल्यावर अर्ध्या तासातही खूण गेली नाही तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्यायचा. पुस्तकात हे दाखवायला गोरी गुलाबी टाच असते. सावळ्या कातडीवर फिकं पडणं डोळ्यांना दिसतच नाही बहुतेकदा. तिथे हाताची उलटी बाजू लावून बघावं लागतं, आजूबाजूपेक्षा गरम आहे की गार, कडक लागतंय की लिबलिबीत. त्या बाईंच्या बाबतीत मला नक्की ठरवता येईना. मी स्प्लिंट बंद केला. दोन आठवडे चालणं थांबलं. लाली गेली, पण त्याबरोबर त्यांचा धीरही गेला. पुन्हा उभं करायला महिना लागला, आणि आधीइतक्या त्या चालल्याच नाहीत. जखम झाली नाही. झाली असती का? कुणास ठाऊक. तेव्हाची मी हे प्रकरण दर वेळी पुढे करते.

आणि खरं सांगायचं तर मी आजही सगळं बघत नाही. जो दिवसातले बरेच तास पलंगावर असतो त्याची माकडहाडाची जागा, नितंबांच्या हाडांची जागा बघायलाच हवी. टाचांइतकीच ती धोक्याची. पण त्यासाठी पडदा ओढावा लागतो, माणसाला कुशीवर करावं लागतं, आणि संकोच दोन्हीकडून असतो. "तिथे काही नाही हो" असं कुणी घाईघाईनं म्हटलं की कधी कधी मी ते मान्य करते. "काही नाही" या शब्दांवर माझा विश्वास उरलेला नाही, तरीही.

फरक पडलाय तो एवढाच की लिहिताना टिंबं देत नाही. गेल्या आठवड्यात एक बाई गुडघ्यासाठी आल्या. मोजे काढा म्हटल्यावर सरळ नाही म्हणाल्या. का ते सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. चालणं बघितलं, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते बघितलं, गुडघ्याचे व्यायाम दाखवले. जाताना त्यांनी विचारलं, "लिहिलंत काय एवढं?" मी कागद त्यांच्याकडे फिरवला. त्वचेच्या रकान्यात लिहिलं होतं, "पाहिली नाही". त्यांनी ते वाचलं आणि कागद परत दिला. मंगळवारी पुन्हा यायच्या आहेत.