एक खण रिकामा

आषाढात कपाट उघडलं की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. ओलसर, मातकट, किंचित आंबूस वास येतो आणि मग खालच्या खणात गुंडाळून ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट-पांढरी लव दिसते. पट्टा नेहमी पहिला जातो. मागून पर्स, मग लग्नात एकदाच घातलेला कोट. साड्यांपर्यंत पोचायला बुरशीला श्रावण उजाडतो, पण पोचते ती.

छोटं कपाट कसं लावावं हे शिकवणारे व्हिडिओ मी गुहागरात बसून फार आवडीने बघते. त्यातल्या बाई कपड्यांच्या उभ्या घड्या करतात, रंगांच्या क्रमाने लावतात आणि शेवटी मधे बोटही शिरणार नाही इतका खण गच्च भरून कॅमेऱ्याकडे बघून हसतात. दिसतं सुरेख. पण त्या बाईंच्या गावात हवा कोरडी असणार. हवेतली आर्द्रता 65 टक्के असताना हाताला अगदी कोरडा लागणारा सुती कपडासुद्धा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरून असतो. रेशीम 11 टक्के धरतं, पॉलिएस्टर जेमतेम 0.4. आणि आमच्याकडे जुलैत 65 टक्के म्हणजे चैनच, आकडा पंच्याऐंशीच्या पुढेच असतो. वर समुद्रावरून येणारा खारा वारा. मीठ हवेतलं पाणी ओढतं हे आमच्या बिजागऱ्यांना आणि पॅंटच्या चेनींना शाळेत न जाता समजलंय.

तेव्हा रंगांचा क्रम मी सोडून दिला आणि पाण्याचा धरला. पॉलिएस्टरच्या साड्या, मुलाच्या खेळायच्या जर्सी असले न पिणारे कपडे मागे कोपऱ्यात दाटीवाटीने. सुती पुढे, सैल. रेशमी सगळ्यात वर, सासऱ्यांच्या जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून. प्लास्टिकची पिशवी रेशमाला घालायचीच नाही, आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. जरीची घडी अधूनमधून मोडून दुसरीकडून घालायची, नाहीतर त्याच त्या रेषेवर जर तुटते. लोखंडी तारेचे हॅंगर तर पहिल्याच पावसात गेले, पांढऱ्या सदऱ्यांच्या खांद्यांवर तांबूस खुणा ठेवून. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढलंय, कारण भिंतीतला जांभ्या दगडाचा चिरा पाणी पितो आणि पाठीला लागलेल्या कपाटालाही पाजतो. घरातल्या पुरुषांना मात्र त्या वीतभर जागेचं फार वाईट वाटतं.

सासूबाईंचं मत याहून सोपं. मी एकदा खाली रचलेल्या चादरींवर आणखी चादरी दाबत होते, तर म्हणाल्या, “अगो, भरूनच टाकायचं तर पोतं घे, कपाट कशाला?” त्यांच्या काळी माजघरात आढ्याला टांगलेली एक दांडी आणि एक पत्र्याची ट्रंक, एवढ्यात सहा माणसांचे कपडे. दांडीवरच्यांना कधी बुरशी लागली नाही असं त्या सांगतात. लागेल कशी? खालच्या चुलीचा धूर आणि ऊब दिवसभर वर जात होती.

खरा पेच कसरीचा आहे. कसर आणि बुरशी या दोघींवरचे उपाय इतके उलट आहेत की एकीला आवरायला जावं तर दुसरी खूश. डांबरगोळी विरघळत नाही, ती थेट वाफ होते, आणि ती वाफ आत कोंडून राहिली तरच कीड आवरते. म्हणजे दार बंद हवं. वाफ हवेपेक्षा जड, म्हणून गोळ्या पुरचुंडीत बांधून वर टांगायच्या. आपण मात्र वर्षानुवर्षं त्या खालच्या खणात लोटत आलोय. बुरशीला आवरायचं तर दार उघडं हवं. मी यावर तडजोड काढलीय: उघडीप मिळाली की दारं सताड उघडी आणि पंखा त्यांच्या तोंडावर, संध्याकाळी पुन्हा बंद. सुती साड्यांची खळ मात्र मृगाआधी धुऊन काढायची, कारण कसरीला कापडापेक्षा खळ जास्त आवडते. खळीची साडी ठेवणं म्हणजे तिला पान वाढून ठेवणं.

पूर्वी कपाटाच्या तळाशी झीरोचा बल्ब लावून ठेवायची युक्ती होती. झीरो नावालाच, खातो तो बारा-पंधरा वॉट, आणि त्या उबेने आतली हवा कोरडी राहायची. आता एलईडी आले. उजेड भरपूर, ऊब नाही. आणि पावसात आमची वीज जी जाते, त्यात तोही दिवा असून नसल्यासारखा.

दागिन्यांच्या डब्यात माझं सासूबाईंशी एकमत आहे, हे दुर्मीळ म्हणून नोंदवते. चांदीचे पैंजण रबरबॅंडने बांधायचे नाहीत, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. नथीला मात्र ही दमट हवा मानवते. मोती फार कोरड्या जागी राहिला की निस्तेज होतो, म्हणून आमच्या घरात पावसाळ्यात खुशीत असणारी वस्तू ती एकच.

राहता राहिला मधला खण. तो मी रिकामा ठेवते, हवेसाठी. पुण्याहून व्हिडिओ कॉल केलेल्या भाचीला ते अजिबात पटलं नाही. “मावशी, वर्षभर न वापरलेलं देऊन टाक, जागाच जागा होईल,” म्हणाली. वर्षातून एकदाच नेसायची साडी गौरीलाच निघते, ती कोणाला द्यायची? आणि हवेचा तो खणही भाद्रपदापर्यंतच हवेचा. चतुर्थीच्या आदल्या रात्री मुंबईचे चाकरमानी उतरतात, ट्रॉली बॅगा दारातच उघडतात, रेल्वेत भिजलेले टॉवेल, चार्जर, मुलांची चित्रकलेची वही आणि एक अर्धं खाल्लेलं वेफर्सचं पाकीट सगळं त्या खणात जातं. विसर्जनानंतर ते निघाले की खाली राहतो मोठ्या जाऊबाईंचा एखादा दुपट्टा. फोनवर त्या सांगतात, “राहू दे गं, पुढच्या वर्षी नेते.” पुढच्या वर्षी दुसरा ठेवून जातात.