जनरेटर घेतला त्याची गोष्ट (आणि ते कापलेले ४,००० रुपये)

आधी पैशांचंच सांगते, कारण ते अजून डोक्यातून जात नाहीत. ४,००० रुपये. आमच्याकडे सगळी मिळून वीस मिनिटंही न चाललेला जनरेटर परत घेताना दुकानदाराने ‘वापरलेला माल’ म्हणून कापलेले.

आम्ही दापोली तालुक्यात, समुद्रापासून जवळच राहतो. घरात सासरे म्हणजे अण्णा, सासूबाई म्हणजे आई, आणि मी. नवरा नोकरीपायी ठाण्याला, महिन्या-दीड महिन्याने फेरी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, पण मंडणगड-दापोलीलाही त्याने सोडलं नाही. एका दुपारीत आमच्या अर्ध्या पोफळी आडव्या. विजेचे खांब तर रांगेने झोपलेले. वाडीत वीज आली ती तेविसाव्या दिवशी. अंधाराचं एवढं काही वाटलं नाही, हाल झाले ते पाण्याचे. परसातली विहीर भरलेली आणि पंप मुका. सत्तरी ओलांडलेल्या आई रहाटावर उभ्या राहायच्या, मी नको म्हटलं तरी. जनरेटर घ्यायचा हे तेव्हाच ठरलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं तेव्हा परत ठरलं. दर पावसाळ्यात ठरवायचं आणि गणपती गेले की विसरायचं, असं करत २०२४ चा मे उजाडला.

इन्व्हर्टर होताच. पण १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास, हाती लागतात त्याहून बरेच कमी. दोन पंखे आणि चार दिव्यांवर रात्र निघते. दुसऱ्या दिवशीही वीज आली नाही तर तो लाल दिवा दाखवून बसतो. आणि पंप त्याच्यावर चालत नाही.

तालुक्याच्या गावी एका दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, “लोड किती?” मी घरातल्या वस्तूंची यादी करून नेली होती. ती त्याने हातात घेतली, उलटी ठेवली आणि म्हणाला, “साहेब कधी येणार आहेत? लोडचं त्यांच्याशी बोलतो.” साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, “तिलाच विचारा, मला पंप कुठल्या कंपनीचा आहे तेही माहीत नाही.” मग नाइलाजाने माझ्याशी बोलणं सुरू झालं.

त्याने कोटेशनच्या मागे पेनाने हिशेब मांडला. पंप १ एचपी, म्हणजे ७४६ वॅट. फ्रीज २००. चार पंखे ३००. दिवे १००. बेरीज १,३४६. “२.१ केव्हीए भरपूर झाला वहिनी, उगाच मोठा घेऊन पेट्रोल कशाला जाळता?” केव्हीए म्हणजे जनरेटर किती भार झेलेल त्याचं माप. मला पटलं. बेरीज बरोबरच होती की! ४८,५०० रुपये मोजले, टेम्पोतून जनरेटर घरी आला.

दोरी ओढली, दिवे लागले, पंखे फिरले, आईंनी जनरेटरला हळदकुंकू वाहिलं. मग मी पंपाचं बटण दाबलं. जनरेटरचा आवाज एकदम घोगरा झाला, दिवे पिवळे पडले, पंप ‘हूंऽऽ’ करून कण्हला आणि जनरेटरचा ब्रेकर खट्कन पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. फ्रीज-पंखे सगळं बंद करून एकट्या पंपावर लावला. तरी तेच.

इथून पुढचे पाच आठवडे मी फक्त हे एवढंच केलं.

दुकानात फोन. “पंप खराब असेल.” पंपवाल्याला बोलावला, त्याने पंप विजेवर चालवून दाखवला, उत्तम. त्याचे २५० रुपये. दुकानात फोन. “कपॅसिटर बदलून बघा.” बदलला. “वायर बारीक असेल.” वायर बदलली. मग मी एसटीने दुकानात जाऊन उभी राहिले, तर म्हणाला, “मशीनवर पंप चालवायचा होता, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं.” मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. पंपासाठीच तर घेतला! मग म्हणाला, पेट्रोल घातलं की मशीन वापरलेलं झालं, परत घेता येत नाही, कंपनीचा माणूस येऊन बघेल. कधी? उद्या. हा उद्या अकराव्या दिवशी उगवला. माणूस आला, जनरेटरवर दिवे लावून बघितले आणि कागदावर लिहून गेला, ‘मशीनमध्ये दोष नाही. ओव्हरलोड.’ किती ओव्हर, कशाने ओव्हर, हे विचारलं तर म्हणाला, डीलर सांगेल. डीलर म्हणाला, कंपनीचा माणूस सांगेल.

शेवटी सांगितलं ते वाडीतल्या वायरिंग करणाऱ्या पोराने. वीज असताना तो करंट मोजायचा टाँग टेस्टर घेऊन आला, पंपाच्या एका वायरभोवती चिमटा लावला आणि म्हणाला, “वहिनी, आता बटण दाबा आणि आकड्याकडे बघा.” बटण दाबताच आकडा ३० च्या वर उडाला आणि क्षणात खाली येऊन ६.५ वर थांबला. तो क्षण मी कधी विसरणार नाही. ६.५ अँपिअर हा पंप चालताना घेतो तो करंट. ३० हा त्याला उठायला लागतो तो. मोटर थांबलेली असते तेव्हा पहिल्या झटक्याला ती चालत्या करंटच्या पाच-सहा पट ओढते. ३० गुणिले २३० म्हणजे जवळजवळ ७,००० व्हीए, म्हणजेच ७ केव्हीए, तेही सेकंदभरच. आणि आमचा २.१ केव्हीए जेमतेम ९ अँपिअर देणार. बैलगाडीला बकरी जुंपल्यासारखं.

शिवाय ७४६ वॅट हे पंपाने बाहेर दिलेलं काम. विजेतून तो त्याहून बरंच जास्त घेतो. म्हणजे दुकानदाराची बेरीज पहिल्या ओळीपासूनच चुकलेली होती. आणि मी, बारावीला फिजिक्सला बरे मार्क पडलेली, ती बरोबर म्हणून मान हलवून आले होते.

हे कळल्यावर मी कपाटातून कोटेशन काढलं. पाठीमागे त्याच्याच अक्षरात, त्याच्याच पेनाने: ‘पंप १ एचपी’. तो कागद आणि कंपनीच्या माणसाचा ‘ओव्हरलोड’चा कागद शेजारी शेजारी त्याच्या काउंटरवर ठेवले. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती, आणि मी मुद्दाम सावकाश बोलले. त्या दिवशी त्याने साहेबांची चौकशी केली नाही. मशीन बदलून द्यायला तयार झाला, ४,००० कापून. भांडायचं त्राण उरलं नव्हतं, पाऊस तोंडावर आला होता. तेव्हा काहीही घ्या, पण पंप किती एचपीचा ते कोटेशनवर लिहून घ्या, त्याच्या हाताने.

आता बदली काय घ्यायचं? १ एचपी पंप खात्रीने उठवायचा तर वायरिंगवाल्याच्या मते ५ केव्हीए. त्याचं वजन माझ्याच्याने हलणारं नाही आणि तासाला दीड-दोन लिटर पेट्रोल जाणार. डिझेलचा बघितला, इंधन स्वस्त पडतं, पण आवाज असा की अण्णा म्हणाले, याच्यापेक्षा अंधार बरा. त्यात जुलै २०२३ पासून धुराचे नियम कडक झाल्याने डिझेलचे नवे सेट महागलेत.

तोडगा आईंनी काढला, अगदी सहज. म्हणाल्या, “वीज जाते ती पावसात. पावसात विहीर काठोकाठ. एवढा मोठा पंप हवाय कशाला?” खरंच की. १ एचपी पंप घेतला होता तो मे महिन्यात तळातलं पाणी वरच्या टाकीत चढवायला आणि बागेला. पावसाळ्यात पाणी हाताने शेंदावं इतकं वर. म्हणून अर्ध्या एचपीचा छोटा पंप वेगळा घेतला, फक्त जनरेटरच्या दिवसांसाठी, आणि जनरेटर ३ केव्हीएचा. पंप जोडून, चालवून दाखवल्याशिवाय उरलेले पैसे देणार नाही म्हटलं. दुकानाचा पोरगा घरी येऊन चालवून दाखवून गेला. आधी एकटा पंप लावायचा, तो फिरायला लागला की मग फ्रीज, मग पंखे. बंद करताना उलट. टाकी भरली की पंप बंद, तासाभराचं काम.

राहून गेलं ते सांगते. घर एका वेळी एकतर लाइनला नाहीतर जनरेटरला जोडतो तो चेंजओव्हर स्विच, त्याचे पैसे अण्णांना फुकट वाटत होते. त्यांच्या चुलतभावाकडे दोन्ही टोकांना पिना असलेली वायर आहे, एक जनरेटरमध्ये, दुसरी भिंतीतल्या प्लगमध्ये, की घर उजळलं. वायरिंगवाला पोरगा पहिल्यांदाच चिडलेला दिसला. मेन स्विच पाडायला विसरलात तर हीच वीज उलटी तारेवर जाते, ट्रान्सफॉर्मर तिचे २३० चे ११,००० व्होल्ट करतो आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला माणूस जातो. निसर्गानंतर आमच्या खांबांवर जी माणसं भर पावसात काम करत होती, त्यांना मी चहा नेऊन दिलाय. चेंजओव्हर बसवला. अण्णाही पुढे काही बोलले नाहीत.

पावसात भिजू नये म्हणून जनरेटर पडवीत ठेवूया, हाही त्यांचाच आग्रह. पडवीची खिडकी स्वयंपाकघरात उघडते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेत जातो. आमचा रिकामा गोठा घरापासून लांब आहे आणि तीन बाजूंनी उघडा, तिथे ठेवला. तिथेही पहिल्या दिवशी दोन मिनिटांत बंद पडायला लागला. माझ्या पोटात गोळा, परत त्या दुकानात जायचं? निघालं काय, तर गोठ्याची जमीन उतरती, ऑइल एका बाजूला गेल्यावर आत ऑइल कमी आहे समजून जनरेटर स्वतःला बंद करतो. खाली जांभ्याचा सपाट चिरा ठेवला, झालं. नवीन जनरेटर कधी कधी ऑइल न घालताच येतो हेही लक्षात असू द्या, दोरी ओढण्याआधी ऑइल मोजायची काडी काढून बघा.

पेट्रोल महिनोन्‌महिने आत ठेवू नका. हल्ली त्यात इथेनॉल असतं, ते आपल्याकडच्या दमट हवेतला ओलावा ओढतं, कार्बोरेटर चोंदून बसतो. मी काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करते आणि मशीन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवते. महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवते, पंपासकट.

त्या जुलैत फणसाची फांदी तारेवर पडून अडीच दिवस वीज नव्हती. टाकी रोज भरली. शेजारच्या दोन घरांनी मोबाइल आणून लावले, त्यातल्या एकाने विचारलं, जनरेटर कुणी निवडला? आईंनी माझ्याकडे बोट केलं. छोट्या पंपाचं श्रेय त्यांचं, पण मी काही बोलले नाही.

मे महिन्यात वीज गेली तर मात्र पंचाईत आहे, तेव्हा पाणी तळाला असतं आणि छोट्या पंपाला ते ओढवत नाही. अण्णांनी रहाटाला नवा दोर आणून ठेवलाय.