रिपोर्ट नॉर्मल, मग घाबरतेस कशाला?

ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉइडही नॉर्मल. "मग आता घाबरतेस कशाला?" नणंदेपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मला गर्दीची भीती नाही, लिफ्टची नाही. मला माझ्याच धडधडीची भीती वाटते. दादरचा पूल चढल्यावर तुमचीही छाती धडधडते. तुम्ही घाम पुसता आणि गाडी पकडता. मी कठड्याला धरून मनगटावर बोटं ठेवते आणि मोजायला लागते. मोजता मोजता घाबरते, घाबरले की ठोके वाढतात, वाढले की वाटतं, झालं, आला अटॅक. मग श्वास भराभर सुरू होतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. म्हणजे पुरावाही मीच तयार करते आणि निकालही मीच देते. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचं हेच चक्र मांडलं होतं: शरीरात काहीतरी साधं होतं आणि आपण त्याचा अर्थ थेट मरणाशी नेऊन लावतो.

आणि रिपोर्टचं म्हणाल, तर तो कालच्या ठोक्यांचा असतो. धडधड आत्ताची असते.

या भीतीपायी मी काय काय सोडलं! चहा सोडला, जिना सोडला. उपासाने गरगरतं म्हणून श्रावणी सोमवार सोडले. डाव्या कुशीवर ठोके जास्त जाणवतात, म्हणून ती कूसही सोडली. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर मात्र पर्समधून हलला नाही.

हृदयाची तपासणी झालेलीच होती. त्यामुळे समुपदेशक बाईंनी वेगळंच काम लावलं: जागच्या जागी मिनिटभर धावा, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्या, फिरत्या खुर्चीत गोल गोल फिरा. फी देऊन चक्कर विकत घ्यायची! वर अट अशी, की नाडी बघायची नाही, पाणी मागायचं नाही, 'दीर्घ श्वास' तर मुळीच घ्यायचा नाही. चक्कर येऊ द्यायची, जाऊ द्यायची. पहिल्या दिवशी मी खुर्चीतच रडले. पण रडता रडता आठवलं, लहानपणी याच गरगरण्यासाठी आम्ही फुगड्या घालायचो. पडायचो, घर फिरताना बघून खिदळायचो. चक्कर तीच होती.

अजून पूर्ण बरी नाही. पूल चढते, पण वर गेल्यावर हात मनगटाकडे जातोच. कधी आवरतो, कधी नाही. यंदा भाचीच्या मंगळागौरीला तिने ओढलं म्हणून फुगडीला उभी राहिले. पाचव्या फेरीला घसा सुकला, कानात ठोके वाजायला लागले. माझा चेहरा बघून ती ओरडली, "मावशी, थांबूया का?"

म्हटलं, "हात सोडू नकोस, फिर."